तंबाखू सोडताना निर्णय कुणाचा? एक आढावा

बेंगळुरूच्या जुन्या पेठेत, म्हणजे चिकपेट, अव्हेन्यू रोड आणि नगरथपेटच्या गल्ल्यांत, मराठी दोन तऱ्हांनी कानावर पडते. एक इथेच पिढ्या काढलेल्या भावसार, शिंपी आणि मराठा घरांची, कानडी वळणाची. दुसरी सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव या पट्ट्यातून सोने-चांदी गाळायला आलेल्या गलाई व्यावसायिकांची. भट्टीची धग, ॲसिडचा धूर, उशिरापर्यंत चालणारे काम आणि गावाकडे राहिलेले घर अशा आयुष्यात तळहातावर मळलेली तंबाखू-चुन्याची चिमूट हा अनेकांचा विसावा होऊन बसतो. साड्यांच्या घाऊक दुकानांतले नोकर, गठ्ठे वाहणारे हमाल, हिशेब लिहिणारे कारकून यांच्यात कुणाची सिगारेट, कुणाची विडी, कुणाची पुडी असते.

यातला एखादा माणूस दाढ दुखते म्हणून किंवा खोकला हटत नाही म्हणून डॉक्टरकडे जातो. डॉक्टर म्हणतात, “तंबाखू बंद करा.” तो म्हणतो, “बरं.” भेट संपते. कशाने सोडायची, केव्हापासून, औषध लागेल का, मागच्या वेळी काय झाले होते, यांपैकी एकही गोष्ट बोलली जात नाही. उपचार ठरवताना रुग्णाला बरोबर घेतले तर फरक पडतो का, त्याबद्दल संशोधन काय सांगते, भारतात त्यासाठी काय सोय आहे आणि चिकपेटसारख्या वस्तीत ती पोहोचण्यात काय अडते, याचा हा आढावा. माझी भूमिका सुरुवातीलाच मांडते. तंबाखू सोडावी, या सल्ल्यात डॉक्टरांनी तसूभरही मागे हटू नये. ती कशी सोडायची, हे मात्र रुग्णाला बाजूला ठेवून ठरवू नये.

इच्छा आहे, मदत नाही

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतातले २८.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते. २००९-१० मध्ये हे प्रमाण ३४.६ टक्के होते. म्हणजे घट झाली, आणि ती लहान नाही. कर्नाटकात प्रमाण २२.८ टक्के होते, महाराष्ट्रात २६.६ टक्के. महाराष्ट्राचे वेगळेपण तंबाखूच्या प्रकारात आहे. तिथे २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू, म्हणजे चघळायची, मळायची किंवा दातांना लावायची तंबाखू वापरत होते. पोटापाण्यासाठी सांगली-साताऱ्याहून बेंगळुरूला आलेला माणूस ही सवय बरोबर घेऊन येतो.

याच सर्वेक्षणात धूम्रपान करणाऱ्यांपैकी ५५.४ टक्के आणि धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांपैकी ४९.६ टक्के लोकांनी सोडण्याचा विचार असल्याचे सांगितले. डॉक्टरांकडे जाऊन आलेल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी ४८.८ टक्क्यांना ‘सोडा’ हा सल्ला मिळाला होता. चघळणाऱ्यांमध्ये हे प्रमाण अवघे ३१.७ टक्के होते. तोंडाच्या कर्करोगाशी ज्यांचा सर्वांत थेट संबंध आहे त्यांनाच सर्वांत कमी विचारले जाते. प्रयत्न करणारे बहुतेक जण कोणत्याही मदतीविना, निव्वळ मनाच्या जोरावर प्रयत्न करतात आणि हरले की दोष स्वतःला देतात. इच्छेचा दुष्काळ नाही. इच्छा आणि उपचार यांची गाठ पडत नाही.

सहभागाची कल्पना कुठून आली

उपचार रुग्णाच्या सहभागाने ठरावा, ही मांडणी वैद्यकीय नीतीच्या चर्चेतून पुढे आली. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या आयोगाने १९८२ च्या अहवालात ती ठळकपणे केली. १९९७ मध्ये कॅनडातील कॅथी चार्ल्स आणि सहकाऱ्यांनी तिला चौकट दिली: माहिती दोन्ही बाजूंनी वाहते, विचार दोघे मिळून करतात आणि निर्णयावर दोघांची सहमती असते. २०१२ मध्ये ग्लिन एल्विन यांच्या गटाने दवाखान्यात वापरता येतील अशा तीन पायऱ्या सांगितल्या. आधी निवडीला वाव आहे हे रुग्णाला सांगायचे, मग पर्याय त्यांच्या फायद्या-तोट्यांसह मांडायचे, शेवटी त्याला काय महत्त्वाचे वाटते ते ऐकून निर्णयाकडे जायचे. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२१ मध्ये या विषयावर स्वतंत्र मार्गदर्शिका काढली.

पर्याय समजावणारी पत्रके, चित्रफिती, तक्ते अशा निर्णय-साधनांवरचे अभ्यास एकत्र तपासणारा कॉक्रेन आढावा २०२४ मध्ये अद्ययावत झाला. त्यात २०९ अभ्यास आणि एक लाखाहून अधिक सहभागी होते. ही साधने वापरली की रुग्णाची माहिती वाढते, धोक्याचा अंदाज अधिक अचूक होतो आणि त्याला जे मोलाचे वाटते त्याच्याशी निर्णय जुळतो, हा निष्कर्ष आता पक्का आहे.

पण तंबाखूच्या बाबतीत एक शंका रास्तपणे घेतली जाते. गुडघ्याची शस्त्रक्रिया करावी की व्यायामावर भागवावे, हा खरोखर दोन्ही बाजूंनी विचार करण्याजोगा प्रश्न आहे. तंबाखू सोडावी की चालू ठेवावी, हा तसा प्रश्न नाही. शिवाय व्यसनात अडकलेल्या माणसाची ‘पसंती’ कितपत त्याची आणि कितपत निकोटीनची? या शंकेचे उत्तर प्रश्नाच्या मांडणीत आहे. ध्येयावर मतदान घ्यायचे नाही. वाटा मात्र अनेक आहेत, त्यांचे परिणाम वेगळे, त्रास वेगळे, खर्च वेगळे. ज्याच्या अंगावर हे सारे येणार, त्याला विचारल्याशिवाय निवडलेली वाट तो आठवड्याभरात सोडून देतो.

पर्याय कोणते

जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२४ मध्ये प्रौढांच्या तंबाखूमुक्ती उपचारांसाठी पहिली वैद्यकीय मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. आरोग्यसेवेच्या प्रत्येक भेटीत अर्ध्या मिनिटापासून तीन मिनिटांपर्यंतचा सल्ला, ज्यांना हवे त्यांना सखोल समुपदेशन, आणि धूम्रपान सोडणाऱ्यांसाठी चार औषधे अशी तिची रचना आहे. ही औषधे म्हणजे निकोटीन पर्यायी उपचार (पॅच, गम वगैरे), व्हॅरेनिक्लिन, ब्युप्रोपियॉन आणि सायटिसिन. धूरविरहित तंबाखूसाठी व्हॅरेनिक्लिन किंवा निकोटीन पर्यायी उपचार सुचवले आहेत.

या औषधांचा तुलनात्मक कॉक्रेन आढावा २०२३ मध्ये आला. त्यातले आकडे कुणालाही समजतील असे आहेत. औषधाविना प्रयत्न करणाऱ्या १०० जणांपैकी साधारण ६ जण सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ धूम्रपानापासून दूर राहतात. फक्त निकोटीनचा पॅच किंवा फक्त गम वापरला तर साधारण ९, पॅच आणि गम एकत्र वापरले तर १२, आणि व्हॅरेनिक्लिन किंवा सायटिसिनने १४. ई-सिगारेटचा परिणामही तितकाच दिसला, पण भारतात २०१९ पासून तिच्यावर कायद्याने बंदी आहे, तेव्हा तो पर्याय इथल्या रुग्णापुढे ठेवायचाच नाही.

हे आकडे रुग्णाला सांगितले तर तो निराश होईल, असे अनेक डॉक्टरांना वाटते. मला उलट वाटते. शंभरातले सहा आणि शंभरातले चौदा हा फरक कळला की मागचा प्रयत्न फसणे हा आपल्या मनाचा दुबळेपणा नव्हता, हेही कळते. औषधाला समुपदेशनाची जोड दिली तर यश आणखी वाढते, याचा पुरावाही भक्कम आहे.

प्रत्येक औषधाचा स्वभाव निराळा. व्हॅरेनिक्लिन सोडण्याच्या तारखेच्या आठवडाभर आधी सुरू करतात आणि साधारण १२ आठवडे घेतात. मळमळ आणि विचित्र स्वप्ने हा त्याचा नेहमीचा त्रास, म्हणून गोळी जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घ्यायची. मनावर परिणाम होण्याच्या भीतीने २००९ मध्ये अमेरिकेत त्याच्या वेष्टनावर कडक इशारा आला होता. ८,१४४ जणांवरच्या ‘ईगल्स’ चाचणीत २०१६ साली ती भीती खरी ठरली नाही, आणि त्याच वर्षाअखेर इशारा काढण्यात आला. ब्युप्रोपियॉनमुळे झोप उडते, तोंड कोरडे पडते, आणि फिट येणाऱ्याला ते देत नाहीत. पॅच सकाळी लावला की दिवसभर विसरता येतो, पण अचानक उसळणारी तलफ तो एकटा भागवत नाही. गम ती भागवतो, पण तो वापरायची रीत शिकावी लागते.

पसंतीला किती वजन द्यायचे

ऑक्सफर्डमधल्या निकोला लिंडसन-हॉली आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ६९७ धूम्रपान करणाऱ्यांवर एक चाचणी प्रसिद्ध केली. निम्म्यांनी ठरल्या दिवशी एकदम सोडायची, निम्म्यांनी दोन आठवड्यांत हळूहळू कमी करून सोडायची. चार आठवड्यांनी एकदम सोडणाऱ्यांपैकी ४९ टक्के आणि हळूहळू सोडणाऱ्यांपैकी ३९.२ टक्के टिकून होते. हळूहळूची वाट ज्यांना मुळातच पसंत होती त्यांचे यश एकूणच कमी राहिले. यावरून कुणी म्हणेल की रुग्णाची पसंती ऐकण्यात अर्थ नाही. पण औषधाची साथ असेल तर चित्र बदलते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, महिनाभरात सोडायची तयारी नसलेल्या, पण कमी करत जायला राजी असलेल्या १,५१० जणांना व्हॅरेनिक्लिन किंवा निष्क्रिय गोळी दिली गेली. पंधराव्या ते चोविसाव्या आठवड्यांत औषध घेणाऱ्यांपैकी ३२.१ टक्के सतत तंबाखूमुक्त राहिले, निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकी ६.९ टक्के. “एकदम नाही जमणार” म्हणणाऱ्या माणसाला परत पाठवणे हा उपचारातला दोष आहे, एवढे यातून निश्चित होते.

म्हणून पसंती ऐकायची, तिच्याशेजारी पुरावा ठेवायचा आणि मग दोघांनी मिळून ठरवायचे. चार देशांतल्या ६८४ जणांवर मोबाइलवरच्या निर्णय-साधनाची चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. नुसती माहिती मिळालेल्यांपैकी १६.९ टक्के आणि पर्याय तोलून निर्णय घ्यायला मदत मिळालेल्यांपैकी २८.५ टक्के महिनाभर तंबाखूमुक्त राहिले. अशा अभ्यासांची संख्या अजून थोडी आहे. सहभागामुळे माहिती आणि समाधान वाढते हे निर्विवाद, सोडणाऱ्यांची संख्या वाढते याचे पुरावे मात्र आता कुठे साठू लागले आहेत.

या मांडणीला दुसऱ्या टोकाकडूनही आव्हान आहे. अमेरिकेत कॅन्ससमधल्या संशोधकांनी रुग्णालयात दाखल झालेल्यांना “सोडायची तयारी आहे का?” असे न विचारता सरसकट उपचार देऊ केले, नको असेल त्याने नाही म्हणावे. पहिल्या महिन्यात या पद्धतीची सरशी झाली, सहा महिन्यांनंतर फरक उरला नाही. माझ्या मते यात विरोध नाही. उपचार सर्वांपुढे मांडला जावा, तयारीची परीक्षा घेऊ नये. कोणता उपचार, हे रुग्णासोबत ठरावे.

चघळणाऱ्यांची वेगळी गणिते

जगातले बहुतेक संशोधन सिगारेट ओढणाऱ्यांवर झाले आहे. आपल्याकडच्या माणसाला ते जसेच्या तसे लागू करता येत नाही. सुपारी आणि गुटख्यामुळे ज्याचे तोंड पुरते उघडत नाही, त्याला गम चघळायला सांगणे क्रूर आहे. त्याला पॅच किंवा गोळी योग्य. ज्याच्या गालात जखम आहे त्याचेही तेच. उलट ज्याला तोंडात काहीतरी ठेवण्याचीच सवय आहे, त्याला गम किंवा लॉझेंज (तोंडात विरघळणारी निकोटीनची गोळी) जवळचे वाटते. पण गम तंबाखूसारखा दाबून चघळला तर निकोटीन पोटात जाते, उचक्या लागतात, मळमळते आणि “हे आपल्याला चालत नाही” म्हणून तो दुसऱ्या दिवशी फेकला जातो. तो सावकाश चावायचा, तिखटसर चव आली की गालात ठेवून द्यायचा, चव ओसरली की पुन्हा चावायचा.

बेंगळुरूत आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे कॉफी. पेठेत दिवसाकाठी कितीदा तरी बाय-टू, म्हणजे एकीत दोघांची, कॉफी होते. आम्लधर्मी पेयाने तोंडात निकोटीन नीट शोषले जात नाही, म्हणून गमच्या आधी पंधरा मिनिटे आणि गम तोंडात असताना कॉफी टाळावी लागते. कॉफीबरोबर तलफ येते ती वेगळीच. हे रुग्णाशी बोलल्याशिवाय कळणार नाही. तो दिवसाची कॉफी किती वेळा घेतो, भट्टीजवळच्या घामात पॅच टिकेल का, मालकासमोर गम चघळणे त्याला चालेल का, ही माहिती फक्त त्याच्याकडे असते.

बायकांच्या मशेरीचे तर नावही घेतले जात नाही. भाजलेल्या तंबाखूची ही पूड दात घासायला म्हणून सुरू होते आणि दिवसातून चार-पाच वेळा लावली जाते. ती सोडली तर पोट साफ होणार नाही, ही भीती अनेकींना खरोखर अडवते. ती भीती उडवून न लावता पाणी, भाजीपाला, ताक आणि गरज पडल्यास औषध यांची सोय आधी करून दिली तर मशेरी सोडण्याचे बोलणे पुढे सरकते. आणि तिची सवय घरच्यांना सांगायची की नाही, हा निर्णय तिचाच.

गुटख्यावर महाराष्ट्राने २०१२ मध्ये आणि कर्नाटकाने २०१३ मध्ये बंदी घातली. त्यानंतर पानमसाला आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत विकली जाऊ लागली आणि घेणारा त्या हातावर एकत्र करू लागला. “गुटखा खाता का?” या प्रश्नाला तो प्रामाणिकपणे “नाही” म्हणतो. काय, कशात मिसळून, दिवसातून किती वेळा आणि उठल्यावर किती वेळाने, असे विचारले तरच व्यसनाची खोली समजते.

दारे उघडी आहेत, वाट लांब आहे

तंबाखूमुक्ती सेवेत बेंगळुरूचे स्थान जुने आहे. २००२ मध्ये केंद्र सरकार आणि जागतिक आरोग्य संघटनेने देशात १३ तंबाखूमुक्ती केंद्रे सुरू केली, त्यांत निम्हान्स ही मानसिक आरोग्य संस्था आणि किडवाई कर्करोग संस्था ही बेंगळुरूची दोन केंद्रे होती. अशा केंद्रांत पहिल्या पाच वर्षांत ३४,७४१ जणांची नोंद झाली. साधारण ३१ टक्क्यांना औषध दिले गेले. सहा आठवड्यांच्या पाठपुराव्यात १४ टक्क्यांनी तंबाखू सोडली होती, आणखी २२ टक्क्यांनी ती निम्म्याहून कमी केली होती. २०१६ मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल छाती संस्थेत राष्ट्रीय क्विटलाइन, म्हणजे तंबाखू सोडायला फोनवरून मदत करणारी सेवा, सुरू झाली. १८००-११-२३५६ हा तिचा विनामूल्य क्रमांक १ सप्टेंबर २०१८ पासून तंबाखूच्या प्रत्येक वेष्टनावर छापला जातो. त्याच वर्षी मुंबईचे टाटा स्मारक, बेंगळुरूचे निम्हान्स आणि गुवाहाटीची बरुआ कर्करोग संस्था इथे तिची प्रादेशिक केंद्रे झाली. दंत महाविद्यालयांनाही तंबाखूमुक्ती केंद्र बंधनकारक झाले. चिकपेटच्या माणसाला व्हिक्टोरिया रुग्णालय आणि सरकारी दंत महाविद्यालय पायी अंतरावर आहेत.

तरीही अडचणी उरतात. निम्हान्स आणि किडवाई होसूर रस्त्यावर शेजारी शेजारी आहेत, पण तिथे जायचे म्हणजे रोजंदारीवाल्याचा निदान अर्धा दिवस जातो. दक्षिणी भाषांसाठी बेंगळुरूचे आणि मराठीसाठी मुंबईचे केंद्र, अशी क्विटलाइनची साधारण विभागणी. पेठेतल्या भावसाराला कानडीत मन मोकळे करता येते, आटपाडीहून आलेल्या गलाई कामगाराला मराठीच हवी. कोणत्या भाषेत बोलायचे, हीच उपचारातली पहिली निवड, आणि ती फोन करणाऱ्याला सुरुवातीलाच विचारली गेली पाहिजे. खर्चाचे तसेच. निकोटीन पर्यायी उपचार २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आला, पण सरकारी दवाखान्यातल्या खिडकीवर औषध हातात पडत नसेल तर निवडीचे स्वातंत्र्य फक्त खिशात पैसे असणाऱ्याला उरते.

‘तुम्ही म्हणाल तसं’

आपल्याकडे सहभागाला सर्वांत मोठा अडथळा आदराचा आहे. पर्याय विचारला की रुग्ण म्हणतो, “डॉक्टर, तुम्ही म्हणाल तसं.” याला होकार समजणे सोपे असते. पण घरी जाऊन गोळीने मळमळले की तो पुन्हा विचारायला येत नाही, गोळी बंद करतो. “माझ्या मते ही गोळी तुम्हाला बरी, पण तुमचं काम उन्हाचं आणि भट्टीचं, तेव्हा जमेल का ते तुम्हीच सांगा,” असे विचारले तर तोच माणूस बोलू लागतो. डॉक्टरांनी स्वतःचे मत सांगावे, लपवू नये. मत सांगणे आणि निर्णय लादणे यांत अंतर आहे.

घरच्यांचा सहभाग हा दुसरा नाजूक भाग. आपल्या समाजात उपचार एकट्याचा नसतो. बायको, भाऊ, दुकानाचा मालक, गावाकडची आई यांचे बोलणे औषधाइतकेच लागू पडते. पण कुणाला सांगायचे हे रुग्णाने ठरवावे. ज्याला बायकोच्या धाकाने बळ येते त्याने तिला बरोबर आणावे, ज्याला त्याच धाकाने चोरून खावे लागते त्याच्यावर तो लादू नये.

तिसरा अडथळा वेळेचा. सरकारी ओपीडीत एका रुग्णाला मिळणाऱ्या मिनिटांत हे सारे बसत नाही, ही डॉक्टरांची तक्रार खरी आहे. म्हणून हे काम वाटून घ्यावे लागेल. दिल्लीतल्या गरीब वस्त्यांमध्ये झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आरोग्य कार्यकर्त्यांनी दारात जाऊन एकदाच साधारण १५ मिनिटे सल्ला दिला आणि योगिक श्वसन शिकवले. सहा महिन्यांनी २.६ टक्के लोक तंबाखूमुक्त टिकले, केवळ त्रोटक सल्ला मिळालेल्यांमध्ये ०.५ टक्के. आकडा लहान आहे, पण पंधरा मिनिटांच्या एका भेटीतून पाचपट यश मिळते आणि वस्तीतल्या हजारो माणसांपर्यंत ते नेता येते.

आता काय व्हावे

माझ्या मते चार गोष्टी तातडीच्या आहेत. पहिली, दवाखाने, दंत महाविद्यालये आणि औषध दुकानांत पर्यायांचा एक पानी तक्ता ठेवावा: शंभरात किती सोडतात, त्रास काय, खर्च किती, कुणाला चालत नाही. चिकपेटसाठी तो कन्नड, मराठी, तमिळ, तेलुगू, हिंदी आणि उर्दूत लागेल. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी चित्रांत. दुसरी, सरकारी केंद्रांत किमान पॅच, गम आणि एक गोळी विनामूल्य मिळावी. तिसरी, मराठी मंडळे, भावसार आणि गलाई संघटना यांनी दुकाने बंद होण्याच्या वेळेला पेठेतच समुपदेशक आणावेत. चौथी, सोडलेली सवय पुन्हा लागली तर तो अपराध न मानता पुढच्या निर्णयाची माहिती मानावी. मागच्या खेपेला काय अडले ते विचारून औषध, मात्रा किंवा पद्धत रुग्णासोबत बदलावी.

शरद पवारांनी २००४ मध्ये तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया करून घेतली आणि पुढे तंबाखूविरुद्ध उघडपणे बोलत राहिले. तासगावच्या अंजनीचे नेते आर. आर. पाटील १६ फेब्रुवारी २०१५ रोजी त्याच रोगाने ५७ व्या वर्षी गेले, तेव्हा त्यांच्या तंबाखूच्या सवयीची चर्चा उभ्या महाराष्ट्रात झाली. त्यांच्याच मुलखातून आलेली माणसे आज पेठेत भट्टीपुढे बसतात. तंबाखू वाईट आहे हे त्यांना ठाऊक आहे, त्यांना पुन्हा भीती घालून फारसे साधणार नाही. त्यांच्यापुढे खरे पर्याय ठेवावेत, त्यांची अडचण पूर्ण ऐकून घ्यावी आणि तारीख त्यांच्याबरोबर ठरवावी. ठरलेल्या तारखेनंतर आठवड्याने त्यांना फोन जायलाच हवा, आणि तो करण्याची जबाबदारी आरोग्यसेवेची आहे.